वाटाण्याच्या वाफ्यातील धर्मगुरू : ग्रेगोर मेंडेल आणि मनाच्या आजारांचा वारसा

लग्नाची बोलणी निम्म्यावर आलेली असतात. मुलगा-मुलगी एकमेकांना पसंत असतात, घरची माणसेही समाधानी असतात. अशा वेळी कुणीतरी हळूच सांगून जाते की, मुलीच्या मामाला वेडाचे झटके येत असत, किंवा मुलाची आजी वर्षानुवर्षे कोणाशी न बोलता खोलीत बसून असे. बोलणी तिथेच थांबतात. धर्मग्रामात काम करणाऱ्या कोणत्याही धर्मगुरूला हा प्रकार अपरिचित नाही. याच भीतीपोटी मनाने आजारी असलेले माणूस आतल्या खोलीत लपवले जाते, त्याला डॉक्टरकडे नेण्याचे टाळले जाते. रक्तातच आहे, त्याला कोण काय करणार, असे म्हणून घरचे हात टेकतात.

रक्तातून नेमके काय उतरते आणि ते कसे उतरते, या प्रश्नाचे पहिले भरवशाचे उत्तर एका कॅथोलिक धर्मगुरूने दिले, हे आपण शाळेत शिकलो आहोत. ग्रेगोर मेंडेल हे त्यांचे नाव. पाठ्यपुस्तकात त्यांच्या चित्राशेजारी वाटाण्याच्या शेंगा असतात. मात्र त्या पुस्तकांत एक गोष्ट सहसा आढळत नाही. आनुवंशिकतेचा नियम शोधणारे हे धर्मगुरू स्वतः तरुण वयात पुन्हा पुन्हा मनाच्या दुखण्याने खचले होते. त्या दुखण्यामुळे त्यांना आजाऱ्यांच्या सेवेचे काम सोडावे लागले होते आणि परीक्षाही अर्धवट टाकावी लागली होती. म्हणूनच त्यांचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

शेतकऱ्याचा मुलगा

मेंडेल यांचा जन्म जुलै १८२२ मध्ये हाइन्त्सेनडोर्फ या लहानशा गावी झाला. त्या वेळी हे गाव ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होते, आज ते चेक प्रजासत्ताकात आहे. बाप्तिस्म्याच्या वेळी त्यांचे नाव योहान ठेवण्यात आले. वडील अँटन हे कष्टाळू शेतकरी होते. स्वतःची शेती सांभाळून त्यांना जमीनदाराकडे वेठीने राबावे लागे. योहानला वेरोनिका ही थोरली आणि तेरेजा ही धाकटी, अशा दोन बहिणी होत्या. घरामागे फळझाडे होती, आणि गावचे धर्मगुरू योहान श्रायबर हे शाळेतील मुलांना झाडांची कलमे बांधायला शिकवीत. उत्तम झाडाचा गुण दुसऱ्या झाडात आणता येतो, ही गोष्ट योहानने पुस्तकात वाचण्याआधी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती.

मुलगा हुशार होता. पुढील शिक्षणासाठी त्याला ओपावा येथील शाळेत पाठविण्यात आले. घरून पुरेसे पैसे येत नसत, त्यामुळे अर्धपोटी राहून शिकणे भाग होते. १८३८ च्या हिवाळ्यात वेठीच्या कामावर असताना वडिलांच्या छातीवर झाडाचा ओंडका पडला आणि ते कायमचे अधू झाले. आता सोळा वर्षांच्या योहानला शिकवण्या करून स्वतःचा खर्च स्वतःच भागवावा लागणार होता. पुढच्याच वर्षी तो आजारी पडून घरी परतला आणि काही महिने अंथरुणावर होता. त्यानंतर ओलोमोत्स येथे उच्च शिक्षणासाठी गेला असता तेथे ओळखीपाळखी नसल्यामुळे शिकवण्या मिळेनात. पुन्हा दुखणे आले आणि या खेपेस जवळजवळ वर्षभर त्याला घरी राहावे लागले.

हे दुखणे ताप-खोकल्याचे नव्हते. चिंता, अपयश आणि उद्याची भीती यांचा भार असह्य झाला की त्याचे मन आणि शरीर दोन्ही थकून जात. १८५० साली परीक्षेसाठी मेंडेल यांनी स्वतःविषयी एक लहानसा वृत्तान्त लिहिला. त्यात त्यांनी स्वतःचा उल्लेख तृतीयपुरुषी केला आहे. आशाभंग आणि भविष्याची काळजी यांमुळे आपण आजारी पडलो, हे त्यांनी तेथे सरळ नमूद केले आहे. परीक्षकांपुढे सादर करावयाच्या कागदावर असे लिहिण्यास धैर्य लागते.

घरची शेती वेरोनिकाच्या पतीकडे गेली. धाकट्या तेरेजाने आपल्या हुंड्यातील काही भाग भावाच्या शिक्षणासाठी सोडून दिला. बहिणीचे हे ऋण मेंडेल कधीही विसरले नाहीत. पुढे तिच्या तिन्ही मुलांच्या शिक्षणाला त्यांनी हातभार लावला आणि त्यांपैकी दोघे डॉक्टर झाले.

मठाचे दार

ओलोमोत्स येथील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक फ्रीडरिश फ्रान्झ यांच्या शिफारशीने १८४३ मध्ये योहानला ब्रनो शहरातील संत थॉमस मठात प्रवेश मिळाला. हा संत ऑगस्टिनच्या संघाचा मठ. तेथे त्याने ग्रेगोर हे नाव धारण केले. आपल्या परिस्थितीनेच आपल्या मार्गाची निवड केली, हे मेंडेल यांनी प्रांजळपणे मान्य केले आहे. रोजच्या भाकरीची विवंचना संपावी आणि अभ्यास करता यावा, ही त्यांची ओढ होती. त्यामुळे त्यांचे पाचारण खोटे ठरते असे आम्हांस वाटत नाही. परमेश्वर माणसाला त्याच्या भुकेतूनही हाक मारू शकतो.

मठाचे प्रमुख सिरिल नाप हे दूरदृष्टीचे गृहस्थ होते. ब्रनो हे लोकरीच्या व्यापाराचे मोठे केंद्र होते आणि तेथील मेंढपाळ उत्तम लोकर देणारी मेंढी कशी पैदा करावी यावर खल करीत. या चर्चांमध्ये मठाधिपती नाप हेही भाग घेत. केवळ मेंढ्यांची जोडी कशी लावावी यापेक्षा पिढीकडून पिढीकडे नेमके काय जाते आणि कसे जाते, हा खरा प्रश्न आहे, असे त्यांनी १८३७ मध्येच सांगितले होते. त्यांच्या मठात बाग होती, ग्रंथालय होते, गणित, संगीत आणि तत्त्वज्ञान जाणणारे व्रतस्थ होते.

१८४७ मध्ये ग्रेगोर मेंडेल यांना गुरुदीक्षा मिळाली. दुसऱ्या वर्षी त्यांच्याकडे धर्मग्रामाचे काम आले. जवळच्या इस्पितळातील रुग्णांना भेटणे, मरणोन्मुख माणसांजवळ बसणे हेही त्यात होते. हे काम त्यांना झेपले नाही. रुग्णांच्या वेदना पाहून त्यांना अनावर धास्ती वाटू लागे आणि अखेर ते स्वतःच अंथरुणाला खिळले.

नाप यांचा निर्णय

या ठिकाणी वाचकांनी क्षणभर थांबावे अशी आमची विनंती आहे. आजाऱ्याच्या खाटेजवळ उभे राहू न शकणाऱ्या तरुण धर्मगुरूचे मठाधिपतींनी काय करावे? त्याला भेकड ठरविणे सोपे होते. श्रद्धा कमी पडते, प्रार्थना वाढवा, असा उपदेश करणेही सोपे होते. आज्ञापालनाच्या व्रताची आठवण करून देऊन त्याच कामावर परत पाठविण्याचा अधिकारही नाप यांना होता. त्यांनी यांपैकी काहीही केले नाही. १८४९ मध्ये त्यांनी बिशप शाफगोट्श यांना पत्र लिहून कळविले की, हा मनुष्य अभ्यासात अतिशय मेहनती आहे, परंतु रुग्णांच्या यातना पाहिल्या की त्याला दुर्दम्य भीती वाटते, म्हणून त्याला या कामातून मोकळे करून शिक्षक म्हणून पाठवीत आहोत.

झ्नोयमो येथील शाळेत मेंडेल गणित आणि ग्रीक शिकवू लागले आणि पाहता पाहता हा माणूस बदलला. विद्यार्थ्यांना ते आवडू लागले. स्वभावातील मिस्कीलपणा आणि मनमिळाऊपणा वर आला. माणूस तोच होता, मन तेच होते, रक्तही तेच होते. बदलली होती ती केवळ त्याच्याभोवतालची परिस्थिती.

अर्थात दुखणे समूळ गेले नव्हते. १८५० मध्ये कायम शिक्षकासाठी असलेल्या परीक्षेत ते अनुत्तीर्ण झाले. नाप यांनी त्यांना १८५१ ते १८५३ या काळात व्हिएन्ना विद्यापीठात शिकावयास पाठविले. तेथे भौतिकशास्त्रात डॉपलर, वनस्पतिशास्त्रात उंगर आणि गणितात एटिंग्सहाउझेन असे नामवंत गुरू त्यांना लाभले. १८५६ मध्ये ते त्याच परीक्षेला पुन्हा बसले. परंतु परीक्षा सुरू असतानाच त्यांचा धीर सुटला. परीक्षा अर्धवट टाकून ते ब्रनोला परतले आणि पुन्हा आजारी पडले. शिक्षकपदाची पात्रता त्यांना अखेरपर्यंत मिळाली नाही. १८५४ ते १८६८ अशी चौदा वर्षे ब्रनोच्या शाळेत ते बदली शिक्षक म्हणूनच शिकवीत राहिले.

वाटाणे आणि घेवडा

ज्या वर्षी परीक्षेने त्यांना खाली पाडले, त्याच १८५६ मध्ये मठाच्या आवारातील सुमारे ३५ मीटर लांब आणि ७ मीटर रुंद जागेत त्यांनी वाटाण्याचे पद्धतशीर प्रयोग सुरू केले. आधी दोन वर्षे त्यांनी बियाणे पारखून घेतले होते. गोल आणि सुरकुतलेले बी, पिवळे आणि हिरवे बी, उंच आणि बुटके झाड अशा सात जोड्या त्यांनी निवडल्या. चिमट्याने एका फुलाचे पुंकेसर काढायचे, दुसऱ्या फुलाचे पराग कुंचल्याने त्यावर लावायचे, ते फूल पिशवीने झाकायचे आणि शेंगा भरल्या की दाणे मोजायचे. १८६३ पर्यंत हे काम चालले आणि सुमारे २८,००० झाडे त्यांच्या हाताखालून गेली.

गोल बियांच्या झाडाचा सुरकुतलेल्या बियांच्या झाडाशी संकर केला, तेव्हा पहिल्या पिढीतील सर्व बिया गोल निघाल्या. सुरकुतलेला गुण नाहीसा झाला असे वाटले. परंतु या बिया पेरून पुढची पिढी घेतली तेव्हा ७,३२४ बियांपैकी ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेल्या निघाल्या, म्हणजे साधारण तीनास एक. यावरून मेंडेल यांनी ताडले की, प्रत्येक गुणासाठी झाडात घटकांची जोडी असते. एक घटक आईकडून येतो, एक वडिलांकडून. एखादा घटक दुसऱ्याच्या आड दडून राहतो, पण मरत नाही. पुढे योग्य जोडी जमली की तो पुन्हा प्रकट होतो. आज आपण या घटकांना जनुके म्हणतो.

याच लेखनात मेंडेल यांनी घेवड्याच्या प्रयोगाचाही उल्लेख केला आहे. तो फारसा सांगितला जात नाही, परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने तो वाटाण्याहून महत्त्वाचा आहे. पांढऱ्या आणि किरमिजी फुलांच्या घेवड्यांचा संकर केल्यावर पुढील पिढ्यांत नुसते पांढरे आणि किरमिजी असे दोनच रंग आले नाहीत. गडद जांभळ्यापासून फिक्या छटांपर्यंत अनेक रंग उमलले. त्यामुळे मेंडेल यांनी सुचविले की, येथे रंग एकाच घटकाने ठरत नसून अनेक स्वतंत्र घटक मिळून तो ठरवीत असावेत. काही गुण वाटाण्याच्या बीसारखे असतात, तर काही घेवड्याच्या फुलासारखे. हा फरक वाचकांनी ध्यानात ठेवावा.

८ फेब्रुवारी आणि ८ मार्च १८६५ रोजी ब्रनोच्या निसर्ग अभ्यास मंडळापुढे त्यांनी आपले निष्कर्ष वाचून दाखविले. १८६६ मध्ये ते छापून आले. लेखाच्या ४० प्रती त्यांनी मागवून घेतल्या होत्या. म्युनिकचे नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञ नेगेली यांच्याशी त्यांचा अनेक वर्षे पत्रव्यवहार चालला, पण नेगेली यांनाही या कामाचे मोल कळले नाही.

१८६८ मध्ये नाप यांच्यानंतर मठाधिपती म्हणून मेंडेल यांची निवड झाली. प्रशासनाच्या भाराखाली संशोधन मागे पडले. १८७४ मध्ये सरकारने मठांवर नवा कर बसविला तेव्हा तो अन्यायाचा आहे असे मानून त्यांनी भरण्यास नकार दिला आणि हा वाद मरेपर्यंत चालविला. मधमाश्या, फळझाडे आणि रोजच्या हवामानाच्या नोंदी यांत त्यांचे मन रमे. ६ जानेवारी १८८४ रोजी, तीन राजांच्या सणादिवशी, मूत्रपिंडाच्या विकाराने त्यांचे निधन झाले. त्यांच्या अंत्यविधीच्या मिस्साचे संगीत पुढे जगप्रसिद्ध झालेले संगीतकार लेओश यानाचेक यांनी संचालित केले. एक प्रेमळ मठाधिपती गेला म्हणून शहर हळहळले. मोठा शास्त्रज्ञ गेला हे मात्र फारसे कोणाला ठाऊक नव्हते. १९०० मध्ये तीन युरोपीय वनस्पतिशास्त्रज्ञांचे निष्कर्ष त्याच नियमापर्यंत पोहोचले, आणि तेव्हा जगाला मेंडेल यांची आठवण झाली.

नियमाचा दुरुपयोग

या कीर्तीबरोबर एक अनर्थही आला. मेंडेल यांनी वाटाण्याविषयी जे सांगितले होते ते काही विद्वानांनी घाईघाईने माणसाच्या मनाला आणि वागण्याला लावले. अमेरिकेत चार्ल्स डेव्हनपोर्ट या शास्त्रज्ञाने १९१० मध्ये सुप्रजननाच्या नोंदींचे कार्यालय उघडले आणि कुटुंबांच्या वंशावळी गोळा केल्या. मंदबुद्धी, दारिद्र्य, भटकेपणा, गुन्हेगारी हे सारे बियांच्या सुरकुत्यांप्रमाणे एकेका घटकाने उतरते, असा त्यांचा समज होता. नौदलातील अधिकाऱ्यांच्या घराण्यांत समुद्राची ओढसुद्धा अशाच एका घटकामुळे येते, असे त्यांनी १९१९ मध्ये लिहिले. वडील नौदलात असलेला मुलगा घरी रोज समुद्राच्याच गोष्टी ऐकतो, हे साधे कारण त्यांना पुरेसे वाटले नाही.

हे हसण्यावारी नेण्यासारखे राहिले नाही. १९२७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मंदबुद्धी ठरविलेल्या व्यक्तींच्या सक्तीच्या नसबंदीला मान्यता दिली. त्या देशात ६०,००० हून अधिक माणसांवर असे अत्याचार झाले. जर्मनीत नाझी सरकारने १९३३ मध्ये कायदा केला. मंदबुद्धी, छिन्नमनस्कता म्हणजे स्किझोफ्रेनिया, उन्माद आणि अवसादाचे आजार, अपस्मार असे निदान झालेल्यांची नसबंदी करण्याचा तो कायदा होता. सुमारे चार लाख माणसे त्याला बळी पडली. १९३९ नंतर तर मनोरुग्णांना ठार मारण्याची मोहीमच सुरू झाली. १९४१ पर्यंत ७०,००० हून अधिक रुग्ण विषारी वायूने मारले गेले.

पोप अकरावे पायस यांनी १९३० मधील विवाहविषयक विश्वपत्रात सक्तीच्या नसबंदीचा स्पष्ट निषेध केला होता. म्युन्स्टरचे बिशप क्लेमेन्स फॉन गालेन यांनी ३ ऑगस्ट १९४१ रोजी प्रवचनपीठावरून या हत्यांना खून म्हटले. त्याच महिन्यात सरकारने ती मोहीम अधिकृतपणे थांबविली, जरी छुप्या मार्गाने हत्या चालूच राहिल्या. २००५ मध्ये ख्रिस्तसभेने त्यांना धन्यवादित घोषित केले. इतिहासातील विपरीतपणा असा की, ज्या धर्मगुरूच्या नावाने हे नियम सांगितले गेले, तो स्वतः मनाने वारंवार कोलमडणारा मनुष्य होता.

मनाचा वारसा : आजचे ज्ञान

मग सत्य काय आहे? मनाचे आजार आनुवंशिक नसतातच, असे म्हणणे हेही सत्याला धरून होणार नाही. मनावर परिणाम करणारे काही आजार खरोखरच वाटाण्याच्या बीसारखे वागतात. हंटिंग्टनचा आजार हा त्यांपैकी एक. त्यात शरीराच्या हालचालींवरील ताबा जातो, स्वभाव बदलतो आणि बुद्धी क्षीण होते. आई किंवा वडिलांना तो असेल तर प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता निम्मी असते. त्याचे जनुक १९९३ मध्ये सापडले.

दुसरे उदाहरण फिनाइलकीटोन्युरिया या विकाराचे. १९३४ मध्ये नॉर्वेचे डॉक्टर फोलिंग यांनी तो ओळखला. आई-वडील दोघांकडूनही सदोष जनुक आले तर बालकाच्या शरीरात प्रथिनांतील एक घटक पचत नाही, तो साचत जातो आणि मेंदूची वाढ खुंटते. विकार पूर्णपणे आनुवंशिक आहे, तरीही जन्मल्यापासून तो घटक कमी असलेला आहार दिला तर ते बालक सामान्य बुद्धीचे होऊ शकते. हा आहार १९५० च्या दशकात प्रथम यशस्वी ठरला, आणि पुढील दशकात टाचेतील रक्ताच्या थेंबावरून निदान करणारी चाचणी आली. आनुवंशिक म्हणजे असाध्य, या समजुतीला याहून चोख उत्तर नाही.

परंतु आपल्या घरांत जे मनाचे आजार आढळतात, त्यांपैकी बहुतेक घेवड्याच्या फुलासारखे आहेत. नैराश्य, अतिचिंता, बायपोलर विकार, स्किझोफ्रेनिया यांचे एकच असे जनुक नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रचंड आंतरराष्ट्रीय अभ्यासात स्किझोफ्रेनियाशी संबंध असलेली २८७ ठिकाणे आपल्या जनुकसंचात आढळली. त्यांतील बहुतेकांचा परिणाम एकेकटा पाहिला तर अगदी किंचित असतो. असे कितीतरी घटक तुमच्या-आमच्यासारख्या निरोगी समजल्या जाणाऱ्या माणसांतही असतात. त्यामुळे अमुक घराण्यात वेड आहे आणि तमुक घराणे शुद्ध आहे, या म्हणण्याला शास्त्रात आधार नाही.

आकडेच पाहा. स्किझोफ्रेनिया सर्वसाधारण समाजात शंभरांतील सुमारे एका व्यक्तीला होतो. आई किंवा वडिलांना तो असेल तर अपत्याला होण्याची शक्यता सुमारे १० टक्के असते. धोका वाढतो हे खरे, पण दहांपैकी नऊ मुलांना तो होत नाही हेही तितकेच खरे. एकाच बीजापासून जन्मलेल्या समरूप जुळ्यांची जनुके जवळजवळ एकसारखी असतात. त्यांच्यातील एकाला हा आजार झाला तरी निम्म्याहून अधिक वेळा दुसरा त्यातून सुटतो. नैराश्यात जनुकांचा वाटा सुमारे ३५ ते ४० टक्के आणि दारूच्या व्यसनात सुमारे निम्मा मानला जातो. हा वाटा समाजातील माणसामाणसांत दिसणाऱ्या फरकाचा असतो. एखाद्या व्यक्तीचे भविष्य त्यावरून सांगता येत नाही. उरलेल्या वाट्यात बालपणातील मारझोड आणि हेळसांड, किशोरवयातील गांजासारखी व्यसने, दारिद्र्य, एकटेपणा, दुःखाचे आघात हे सारे येते. वडील दारू पीत म्हणून मुलाने प्यालाच पाहिजे, असे जनुक कोणाला भाग पाडीत नाही. मात्र अशा मुलाने पहिल्या प्याल्यापासूनच दूर राहणे शहाणपणाचे, हे घराण्याच्या इतिहासावरून समजते.

दोनशे वर्षांनंतर

मेंडेल यांच्या जन्माला २०२२ मध्ये दोनशे वर्षे पूर्ण झाली. त्यानिमित्त २०२१ मध्ये त्यांच्या संघाच्या संमतीने ब्रनोच्या दफनभूमीतील ऑगस्टिनियन कबर उघडण्यात आली. तेथील अवशेष त्यांचेच असल्याची खात्री त्यांच्या वापरातील वस्तूंवर सापडलेल्या जनुकीय खुणांशी ताडून करण्यात आली, आणि मग त्यांचा जनुकसंच वाचण्यात आला. ज्याने आनुवंशिकतेचा नियम शोधला, त्याचाच वारसा आता शास्त्रज्ञांपुढे उघडा होता. मधुमेह, हृदय आणि मूत्रपिंड यांच्या विकारांशी संबंधित बदल त्यात आढळले. त्याचबरोबर अपस्मार आणि मज्जासंस्थेच्या तक्रारींशी जोडल्या जाणाऱ्या एका जनुकातही बदल सापडला. त्यांच्या तरुणपणीच्या दुखण्याचे मूळ कदाचित येथे असावे, असे काही संशोधकांस वाटते.

एका बदलावरून दीडशे वर्षांपूर्वीच्या माणसाचे निदान करणे धाडसाचे होईल, आणि तसे आम्ही करणार नाही. परंतु ती शक्यता खरी धरली तरी काय सिद्ध होते? तो बदल मेंडेल यांच्या शरीरात जन्मापासून होता. इस्पितळात ते कोसळले तेव्हा होता, झ्नोयमोच्या वर्गात मुले त्यांच्यावर जीव लावीत होती तेव्हाही होता, आणि हजारो वाटाणे शांतपणे मोजीत ते बसले होते तेव्हाही होता. ओलोमोत्समधील एकाकी, उपाशी विद्यार्थ्याला त्या मनाने खाली ओढले. बहिणीचा त्याग, मठाचे छप्पर, जाणत्या वरिष्ठाचा शब्द आणि मनाजोगे काम यांच्या आधाराने तेच मन उभे राहिले.

आपल्यासाठी

वाचकहो, प्रत्येक धर्मग्रामात असा एखादा योहान असतो. परीक्षेच्या भीतीने तो आजारी पडतो, नोकरी मिळत नाही म्हणून खोलीत बसून राहतो, लोकांत मिसळायला घाबरतो. त्याच्या आजाराचे मूळ रक्तात असू शकते. तसे असेल तर तो त्याचा दोष नाही, आईवडिलांचे पाप नाही आणि कोणाची करणीही नाही. मधुमेह असलेल्या घरात आपण साखर तपासतो, त्याचप्रमाणे घरात मनाचा आजार असेल तर मुलांकडे सजगतेने पाहावे आणि पहिल्या लक्षणालाच डॉक्टरकडे न्यावे. घराण्याचा इतिहास डॉक्टरांपासून लपवू नये, कारण योग्य औषध निवडताना तो उपयोगी पडतो. औषधे चालू असताना ती मनाने बंद करू नयेत. प्रार्थना अवश्य करावी, पण ती औषधाच्या जागी ठेवू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने प्रत्येक नागरिकाला मानसिक उपचारांचा हक्क दिला आहे, आणि १४४१६ या सरकारी टेलिमानस क्रमांकावर मराठीतूनही विनामूल्य सल्ला मिळतो. लग्नाच्या बोलण्यांत आजार लपविणे हा अन्याय आहे, आणि केवळ नात्यातल्या कोणाच्या आजारासाठी चांगले स्थळ मोडणे हाही अन्यायच आहे.

पूर्वजांकडून आपल्याला काय मिळावे हे आपल्या हाती नसते. परंतु शेजारच्या घरातील खचलेल्या मुलाला कोणती माणसे भेटावीत, हे बऱ्याच अंशी आपल्या हाती असते. सिरिल नाप यांना जनुके ठाऊक नव्हती. त्यांनी आपल्या तरुण धर्मगुरूला नीट पाहिले, त्याला काय झेपत नाही आणि काय झेपते हे ओळखले, आणि बिशपांना एक पत्र लिहिले. आपल्या धर्मग्रामातील योहानसाठी असे एक पाऊल आपणही उचलू शकतो. त्याची विचारपूस करण्यासाठी या आठवड्यात त्याच्या घरी जावे, इतकीच आमची वाचकांना विनंती आहे.